काजूच्या दिवसांतलं रक्त

फाल्गुन लागला की आमच्या वाडीतल्या वाऱ्याला थोडी चढते. काजूचे बोंडू झाडाखाली पडतात, उन्हात फुटतात, आंबतात, आणि दुपारी समुद्राकडून येणारा वारा त्यांच्यावरून फिरून घरात शिरतो तेव्हा त्याचं पाऊल जरा तिरकंच पडत असतं. या वासाबद्दल मतभेद आहेत. मुंबईहून आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि 'काहीतरी कुजलंय का हो?' असं हळूच विचारतात. आमच्याकडची माणसं त्याच वासावरून यंदा पीक कसं आहे ते सांगतात. मला हा वास लहानपणापासून आवडतो. हल्ली मात्र तो आला की माझी नजर नकळत डाव्या कोपराच्या खोबणीकडे जाते, जिथून रक्त काढतात.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या गावच्या शाळेत रक्तदान शिबीर झालं. निमित्त होतं एका भावी नेत्याच्या वाढदिवसाचं. 'भावी' ही आमच्या तालुक्यातली सगळ्यांत टिकाऊ पदवी आहे. त्या पदावरून माणूस कधी निवृत्त होत नाही. फाटकावर फलक लागला होता. त्यावर उत्सवमूर्तींचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे सुकत घातलेल्या बांगडा माशांसारखे ओळीने. भाषणं झाली. रक्ताचं नातं, रक्ताची किंमत, मातीसाठी सांडलेलं रक्त असं सगळं रक्त बोलून झाल्यावर उत्सवमूर्ती खाटेवर आडव्या झाल्या, बाही वर सारली, मुठीत चेंडू धरला आणि फोटो काढून झाल्यावर उठून पुढच्या कार्यक्रमाला गेल्या. सुई तशीच कोरी राहिली. ती मग माझ्या वाट्याला आली.

तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझं उभं आयुष्य गेलं. त्या निमित्ताने इतके सत्कार पाहावे लागले की शाल दिसली की मला घाम फुटतो. पण रक्त देण्याची कल्पना मला आवडायची, कधी जमलं मात्र नव्हतं. एक तर ते देताना बोलावं लागत नाही. दुसरं म्हणजे आपण दिलेली वस्तू कुणाकडे गेली हे आपल्याला कळत नाही आणि ती कुणाकडून आली हे त्याला कळत नाही. वाचनालयातल्या पुस्तकांचंही तसंच असतं. त्या दिवशी मी पहिल्यांदाच रक्त दिलं, बिस्किटाचा पुडा खाल्ला आणि घरी येऊन काजू वेचायला लागलो.

फोन आला तेव्हा मी बागेतच होतो. बोंडूपासून बी पिळून वेगळी करायची म्हणजे हात चिकट होतात, आणि सालीतला डीक लागला तर कातडी काळी पडून सोलते. तसल्या हाताने मी फोन कानाला लावला. रक्तपेढीतून एक मुलगी बोलत होती. आवाज कोवळा, मराठी छापील. म्हणाली, सर, तुम्ही एकदा येऊन जाल का? मी विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, "ते फोनवर सांगता येत नाही."

माझं वाचन बरंच आहे. पण या वाक्याने सुरू होऊन चांगल्या ठिकाणी संपलेली गोष्ट माझ्या वाचनात आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो. त्या मुलीने मला आतल्या छोट्या खोलीत बसवलं, दार लोटून घेतलं, टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा हळूच माझ्या बाजूला सरकवला. तो डबा पाहूनच मी निम्मा आजारी झालो. ती म्हणाली की दिलेल्या रक्ताची चाचणी होते, त्यात हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आलं आहे. हा यकृताला धरणारा विषाणू. पण ही पहिली चाचणी विषाणूची नसते, त्याच्याशी लढायला शरीराने जे बनवलेलं असतं त्याची असते. कधी ती चुकतेही. म्हणून दुसरी चाचणी करायची, जी खुद्द विषाणूला शोधते. नमुना बाहेर पाठवावा लागतो, त्यामुळे थोडं थांबावं लागेल.

मला ते लगेच कळलं, कारण आमच्या बागेत रानडुकरं येतात. सकाळी मातीत खूर उमटलेले दिसतात. डुक्कर येऊन गेलं एवढं त्यावरून नक्की. ते घाटी चढून परत गेलं की अजून करवंदीच्या जाळीत बसलंय, हे खूर सांगत नाहीत. ते कळेपर्यंत माणसाने बागेत चालायचं ते जपून.

मग तिने विचारायला सुरुवात केली. कधी रक्त चढवलं होतं का? शस्त्रक्रिया? दात काढला? गोंदवून घेतलं? इंजेक्शनं? आणि त्या छोट्या खोलीत, पंख्याखाली, मला माझं आयुष्य एका वेगळ्याच बाजूने दिसायला लागलं. माणसं आपला इतिहास शाळा, नोकरी, लग्न असा सांगतात. मी तिला सुयांच्या हिशेबाने सांगत होतो.

लहानपणी मला टायफॉइड झाला होता. फोंडाघाटाकडचे एक डॉक्टर तेव्हा आमच्या भागात सायकलवरून फिरायचे. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमची एक डबी असे, तिच्यात काचेची सिरिंज आणि सुया. आई चुलीवर पाणी उकळून द्यायची. डबीचं झाकण उघडलं की वाफेबरोबर स्पिरिटचा वास येई आणि मी रडायला सुरुवात करी. ती सुई माझ्याआधी किती घरं फिरून आली असेल देव जाणे. धार बोथट झाली की डॉक्टर ती दगडावर घासत. घाईच्या दिवसांत पाणी पुरतं उकळायचं की नुसतंच तापायचं, तेही कुणी पाहिलं नव्हतं. पण त्याच सुईने मी जगलो. आमच्याच आळीतली दोन मुलं, ज्यांच्यापर्यंत ती सायकल पोचली नाही, ती राहिली नाहीत.

शाळेत लस टोचायला माणसं आली होती, तेव्हा सगळी शाळा एका रांगेत आणि एका सुईत उरकली. मालवणात दात उपटला होता. आणि कुणकेश्वरची जत्रा होतीच. महाशिवरात्रीला वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो होतो. देवळामागे समुद्राची गाज, पुढे माणसांची. वाळूत गुळाचं खाजं विकायला बसलेले, उसाच्या रसाचे घुंगरू, आणि एका छत्रीखाली बॅटरीवर घुर्र करणारं गोंदणाचं यंत्र. मी हट्ट धरला आणि मनगटावर एक चंद्रकोर काढून घेतली. माझ्या आधी एका बाईच्या हातावर नवऱ्याचं नाव होत होतं, माझ्यानंतर एका खलाशाच्या दंडावर नांगर. सुई तीच, शाईची वाटी तीच. चंद्रकोर आता पुसट होऊन निळ्या डागासारखी दिसते.

संशयित म्हणून इतके जण समोर उभे राहिले, आणि त्यांतल्या एकावरही मला रागावता येईना. डॉक्टरांनी जीव राखला होता, शाळेने देवीच्या व्रणापासून वाचवलं होतं आणि जत्रेने चंद्र दिला होता. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, कुठून आलं ते बहुतेक कधीच कळत नाही. ते शोधण्यात रात्री घालवू नका." तिचं वय पाहता हे वाक्य तिने आधी पुष्कळदा वापरलेलं असणार. पण काही वाक्यं वापरूनच चांगली होतात.

घरी बायकोला सांगितलं. आमची वैजू ओल्या काजूंची साल सोलत बसली होती. उसळीसाठी ओले काजू सोलणं हे तिच्या मते बोलत करायचं काम नव्हे, हाताला डीक लागतो. तिने सुरी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "लिव्हर दारू पितल्यांचा बिघडता. तुमचा कित्याक? तुमी तर सोलकढी पण अर्धीच वाटी पितास."

मी तिला रक्तपेढीतल्या मुलीने सांगितलेलं सगळं सांगितलं. हा रोग जेवणातून जात नाही, एका भांड्यातून पाणी प्यायल्याने जात नाही, जवळ बसल्याने जात नाही. रक्त रक्ताला लागलं तरच. वस्तरा आणि दात घासायचा ब्रश वेगळा ठेवायचा. तिने ऐकलं, उठली, माझा ब्रश उचलून मोरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि माझं ताट नेहमीसारखं आपल्या ताटाशेजारी वाढलं. मला मात्र घास जाईना. इतक्या वर्षांच्या संसारात कधीतरी माझ्याकडून तिला गेलं असेल तर? दिवाळीत मुलगी आणि नात आल्या होत्या; नखं कापायची कात्री सगळ्यांची एकच होती. त्या आठवड्यात वैजूची चाचणी केली, मुलीने आपली आणि नातीची मुंबईत केली. तिघीही स्वच्छ निघाल्या. त्या दिवशी मी काजूची उसळ दोनदा मागून घेतली. माझं स्वतःचं काही कळायचं बाकी होतं, पण कृतज्ञतेला भूक लागते हे मला तेव्हा समजलं.

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं आमचं ठरलं. ठरवताना मी एक विसरलो की मी नास्तिकाच्या जवळपासचा माणूस असलो तरी वैजू नाही. ती गुपचूप तातू घाडींकडे गेली आणि म्हणाली की देवाजवळ एक गाऱ्हाणं घाला, पण हळू घाला.

परक्या वाचकासाठी सांगतो, आमच्या गावांत देवाला मनातल्या मनात सांगायची पद्धत नाही. घाडी किंवा गुरव देवासमोर उभा राहतो आणि गावाचं जे काही मागणं असेल ते खणखणीत आवाजात बोलून दाखवतो. जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. तातू घाडी म्हणजे या कामातले जुने जाणकार. वैजूचं ऐकून त्यांनी विचार केला की प्रकरण मोठं आहे, रोगाचंही नाव इंग्रजी आहे. एकट्याने कोपऱ्यात घातलेलं गाऱ्हाणं म्हणजे दुजोऱ्याशिवायचं बोलणं. त्याला वजन कसं येणार? त्यांनी प्रामाणिकपणे ते शिमग्यापर्यंत राखून ठेवलं.

शिमग्याला मांडावर, म्हणजे गावाच्या होळीच्या जागेवर, सगळा गाव होता. ऊन कलतं, ढोल नुकते थांबलेले, गुलालाने माणसांचे कान लाल झालेले. मी मागे आंब्याच्या सावलीत, अशा प्रसंगी सुशिक्षित माणसाने ठेवायचं ते अर्धवट हसू चेहऱ्यावर ठेवून उभा. तातूंनी देवाला नारळ दाखवला आणि सुरू केलं. गावरहाटीने जी काय सेवा केली ती मान्य करून घे, म्हणाले, व्हय म्हाराजा. कुणाच्या घरी पाळणा हालत नाही तो हालू दे; व्हय म्हाराजा. कुणाच्या होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडतं, त्यातून काय ती वाट काढ, व्हय म्हाराजा. आणि मग:

"आणि बा देवा म्हाराजा, ह्यो आमचो वाचनालयातलो भाई, तुझोच लेकरू, गावाक चार अक्षरां दाखवलली, तेच्या रक्तात जी काय इंग्लिश पीडा शिरली आसा, ती बारा वेशीभायर काढ, आणि तेचां काळीज साबूत ठेव रे म्हाराजा!"

माझ्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते मला सापडलं नाही. सगळी डोकी वळली. आणि वळलेल्या डोक्यांनीच सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

ज्याच्याशी बांधावरून माझं बोलणं बंद होतं तो चुलतभाऊ म्हणाला. वाचनालयाच्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध पत्रकं वाटणारे म्हणाले. शेंबडी पोरं म्हणाली, त्यांना काय म्हणतोय हेही ठाऊक नसताना. वैजू बायकांत उभी होती, तिने पदर तोंडाला लावला होता, पण ओठ हललेले मला दिसले. आणि सवयीचा भाग म्हणा, सभ्यतेचा म्हणा, माझ्याही तोंडून 'व्हय म्हाराजा' निघून गेलं. आयुष्यात माझा झालेला हा एकच सत्कार, ज्यात मला घाम फुटला तो भीतीने नव्हे.

अर्थात दुसऱ्या दिवशी त्याची किंमतही द्यावी लागली. कावीळ उतरवणारे, भुईआवळा वाटून देणारे, उसाचा रस सुचवणारे, 'माझ्या मेव्हण्याक पण असांच झालला, गेलो बिचारो' असं सांगून धीर देणारे, सगळे येऊन गेले. नाक्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना काचेच्या ग्लासातून चहा आला आणि मला कागदी कपातून. मालक डोळ्याला डोळा देईना. मी म्हटलं, बढती झाली म्हणायची. तो ओशाळला, पण कप काही बदलला नाही. मला राग यायला हवा होता. पण मीही मोरीत माझा टॉवेल तीनतीनदा उकळणारा माणूस होतो.

आणि मग एका दुपारी सुलभा आली.

सुलभा आमची शेजारीण. किनाऱ्याच्या वाटेवर तिचं घर, आणि घराच्या पडवीत तिची खाणावळ. पर्यटकांनी तिच्या हातच्या तिसऱ्या-शिंपल्यांचे आणि तळलेल्या सुरमईचे फोटो जगभर पोचवले आहेत. ती आली, वैजूजवळ बसली, काजूच्या राशीत हात घातला आणि बऱ्या बिया, फुसक्या बिया वेगळ्या करायला लागली. बरंच इकडचं तिकडचं बोलली. तिचा हात राशीत चाचपडत होता. ती बी डोळ्यांनी नव्हे, बोटांनी निवडत होती, ते मला तेव्हा प्रथम दिसलं. मग मान वर न करता म्हणाली, "भाई, माका पण ताच आसा."

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली होती. आधी रक्त तपासतात, त्यात निघालं. तिला बाजूला घेऊन पुढच्या चाचणीबद्दल सांगितलं होतं. ती ऑपरेशनही न करता परतली आणि घरी सांगितलं, साखर वाढली म्हणून पुढे ढकललं. दुसऱ्या बाळंतपणात तिला रक्त चढवलं होतं, फार जुनी गोष्ट. तिथूनच आलं असावं असा तिचा अंदाज. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ती धुरकट डोळ्यांनी मासे साफ करत होती.

मी म्हटलं, "जेवणातसून लागणा नाय गो ह्यां."

"तां तुमका ठावक," ती म्हणाली. "पर्यटकांक ठावक आसा? हॉटेलात तुमका कागदाचो कप दिल्यानी, तां ऐकलंय मी. तुमी चाय नाय पिलास तर तुमचां काय अडणा नाय. माझ्या हातचां कोणी खाल्लां नाय तर माझी चूल इझतली."

हातातली बी फुसक्यांत टाकून तिने पुढचं बोलून टाकलं. "तुमच्या नावान गाव व्हय म्हणालो. माझ्या नावान म्हणतलो काय, तां माका सांगा."

वैजू म्हणाली, गाव काय म्हणायचं ते म्हणू दे, तू आधी यांच्याबरोबर जा. माझा निकाल घ्यायला जायचं होतंच. सुलभाने नवऱ्याला तेवढ्यापुरतं सांगितलं. तो बोटीवरचा अबोल माणूस, त्याने चपला घातल्या आणि एसटी थांब्यापर्यंत तिच्या मागून चालत आला. जाताना तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. त्याच्या परीने ते भाषण होतं.

तिचा नमुना त्या दिवशी दिला, आणि माझ्या निकालाचं पाकीट उघडलं. डॉक्टर म्हणाले, विषाणू आढळला नाही. कधीतरी शिरला होता, पण शरीराने तो स्वतःच घालवून दिलाय, बहुधा फार वर्षांपूर्वी. काही जणांच्या बाबतीत असं होतं. औषध नको, पथ्य नको. फक्त पहिली चाचणी आता जन्मभर पॉझिटिव्हच येत राहणार, तेव्हा पुन्हा रक्तदान करता येणार नाही.

सुलभा शेजारी बसलेली होती. लहानपणी चोरलेली कैरी सदऱ्यात लपवून घरी यावं तसा मी माझा आनंद घेऊन तिच्याशेजारी बसलो. तिला तो दिसलाच. "बरां झालां, भाई," ती म्हणाली, आणि खरोखर मनापासून म्हणाली. पुढे आठवडाभराने तिचा निकाल आला. तिच्यात विषाणू होता.

एकाच बाकावर बसलेली दोन माणसं. डुक्कर एकाच्या बागेतून निघून गेलं आणि दुसऱ्याच्या बागेत राहिलं. यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. मी कसल्याशा परीक्षेच्या काळजीत असेन, वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवत असेन, कुणावर तरी चिडलेला असेन, आणि त्याच वेळी माझं यकृत आत एक लढाई लढून जिंकून मोकळं झालं होतं. फलक नाही, मिरवणूक नाही. मालकालाही वर्दी नाही. ज्या अवयवाबद्दल मी शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींपलीकडे कधी विचार केला नव्हता, त्याने मला इतकी वर्षं फुकट पोसलं. मला नेमका कुणाला नमस्कार करावा ते कळेना, म्हणून मी डावा हात उजव्या बरगडीखाली नुसता ठेवून एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, पोटात दुखता?

गावात मात्र श्रेय लगेच वाटून झालं. तातू घाडींनी ते देवाला दिलं, पण वाटेत थोडं आपल्याकडे ठेवून. भुईआवळेवाल्याने आपला वाटा घेतला. चुलतभाऊ बांधापलीकडून म्हणाला, "मी मोठ्यान म्हणाललंय हां तेव्हा." आणि बोलणं सुरू झालं. हे सगळं जुनंच होतं, शिमग्याच्या कितीतरी आधी मिटलेलं होतं, असं मी कुणालाच सांगितलं नाही. विज्ञानाच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण एवढ्या लोकांनी 'व्हय' म्हटल्यावर 'नाही, त्याची गरज नव्हती' असं सांगणारा मी कोण?

सुलभाला गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळाल्या, फुकट. तीन महिने, रोज एक, न चुकता. डॉक्टरांना तिने एकच प्रश्न विचारला होता, आणि तो कचेरीत जपून बोलायच्या मराठीत: "मी जेवण करून घातलं तर लोकांना चालेल ना?" त्यांनी सांगितलं, खुशाल घाला, बोट कापलं तर पट्टी बांधा, तेवढं पुरे. गोळ्यांची बाटली तिने मसाल्याच्या बरण्यांमागे ठेवली. विसरू नये म्हणून वैजू रोज सकाळी कुंपणावरून हाक मारायची: "तुळशीक पाणी घातलंस काय गो?" तिकडून उत्तर यायचं: "घातलंय." एप्रिल-मे निभावले. पुढे मृग लागला, पागोळ्यांखाली बादल्या भरून वाहायला लागल्या, अंगणात घोटाभर पाणी, आणि तरीही रोज सकाळी इकडून खणखणीत प्रश्न, तिकडून खणखणीत उत्तर. खालच्या वाडीतला एक जण छत्री धरून थांबला, दोन्ही घरांकडे बघितलं, आणि मला सहानुभूतीने मान हलवून पुढे गेला.

खाणावळ चालू राहिली. मी मुद्दाम दर रविवारी तिच्या पडवीत जेवलो. उपकार म्हणून नव्हे, तिचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं कुणावर उपकार करत बसण्याइतकं साधं नसतं. गोळ्या संपल्या, पुढे आणखी काही महिन्यांनी थंडीत पुन्हा चाचणी झाली, आणि तिच्याही कागदावर तेच तीन शब्द आले. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुंपणावरून स्वतःच हाक मारली. वैजूला म्हणाली, "आता तुळस तिची ती जगतली." मग दोघीही आपापल्या बाजूला कुंपणाला धरून रडल्या. मी पेपर वाचत होतो, असं म्हणायची पद्धत आहे.

डोळा राहिला होता. तो यंदा करायचं ठरलं, याच काजूच्या दिवसांत. नवरा समुद्रावर होता, म्हणून सोबत मी गेलो. दवाखान्याच्या बोळात दोन्ही बाजूंना बाकं, आणि त्यांवर अर्धा तालुका. पलीकडच्या वाडीतली एक बाई होती, नाक्यावरच्या हॉटेलवाल्याची सासू होती. सुलभाच्या डोळ्यात थेंब घातले होते, तिला समोरचं काहीच धड दिसत नव्हतं. पिशवी शेजारी बाकावर ठेवून ती ताठ बसली होती.

खिडकीतून कुणीतरी तिचं नाव पुकारलं. मग तिथूनच, कागदावर नजर ठेवून, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, तुमचं हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आलंय. आधी माहीत होतं का?"

बोळातलं बोलणं थांबलं. मी उठून खिडकीकडे जायला निघालो, हळू आवाजात समजावून सांगावं म्हणून. सुलभाने माझा सदरा धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली. खिडकी कुठे आहे ते तिला नीट दिसत नव्हतं. ती साधारण त्या दिशेला तोंड करून बोलली. आणि कचेरीतली मराठी तिने वापरली नाही.

"माका ठावक आसा. तां आता कायम तसांच येतलां. औषध घेतलंय मी तीन महिने. बरी झालंय. कागद दाखवू?"

खिडकीतून, नको, ठीक आहे, बसा असं आलं. ती बसली. हॉटेलवाल्याची सासू छताकडे बघत होती. बाकीचे आपापल्या पायांकडे. मग बोळ पुन्हा हळूहळू बोलायला लागला.

समोरच्या बाकावर एक माणूस होता, पन्नाशीचा, आरोंद्याकडचा असावा बोलण्यावरून. तो उठला, पाणी प्यायला गेल्यासारखं करून टाकीपर्यंत गेला, पाणी न पिता परत आला आणि आमच्यासमोर उभा राहिला. टोपी काढून हातात धरली होती.

"बाय," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "तां औषध खंय गावता?"

सुलभाला त्याचा चेहरा दिसत नव्हता. तिने चाचपडून बाकावरची पिशवी उचलली आणि खाली पायाशी ठेवली.

"बसा हयसर," ती म्हणाली. "सांगतंय."